ओळख पटली

कासाओकासमोरचं बेट
९ फेब्रुवारी

प्रिय योशिए मावशी,

यंदा तुझ्या छपरावरचा बर्फ कोण काढतंय? मागच्या वर्षी शिडीवरून घसरलीस ते आठवतंय ना? या वर्षी चढू नकोस, शेजारच्या तात्सुनोला सांग.

फोन लागत नाही म्हणून तू काळजीत असशील. फोन मोडलेला नाही, मीच बंद केलाय. नंबर नको त्या लोकांच्या हाती लागला. ओकायामातली खोली सोडली, चष्म्याच्या दुकानातली नोकरीही सोडली. आता या बेटावर हामासाकी बाईंच्या कारखान्यात नोरी वाळवायचं काम करते. समुद्रातून शेवाळ येतं, धुऊन बारीक होतं, चौकोनी पानांत थापून वाळतं, मग आम्ही भोकं पडलेली पानं वेगळी काढतो. हात कायम ओले, नखं काळी. जेवण मात्र झकास.

झालं ते असं. जानेवारीच्या शेवटी नेटवर एक व्हिडिओ फिरला. ओकायामातल्या एका मोठ्या दुकानाबाहेर, गाड्या लावतात तिथे, गडद पिवळ्या रंगाचा कोट घातलेली बाई एका म्हाताऱ्याला दंडाला धरून हिसडते. तो पडतो. ती ओरडते, "मर मग एकदाचा!" तोंडावर मास्क, डोक्यावर लोकरीची टोपी. एवढंच. पण लाखो लोकांनी पाहिलं आणि मग तोकुतेई-हान कामाला लागलं. तोकुतेई म्हणजे नेमकी ओळख पटवणं, हान म्हणजे पथक. पण हे पोलिसांचं पथक नव्हे. आपापल्या घरात बसलेली माणसं असतात, एकमेकांना ओळखतही नाहीत. फोटोतल्या खिडकीवरून घर शोधतात, कोटावरून माणूस शोधतात.

त्यांनी शोधून काढलेलं माणूस म्हणजे मी. आणि ती बाई मी नाही, मावशी. हे तुला वेगळं सांगायला नको, पण हल्ली सवयच लागलीय.

हा पत्ता कुणाला देऊ नकोस. तुझी लेक असली तरी रित्सुलासुद्धा नको. तिच्याकडे आधीच सासऱ्यांचं एवढं चाललंय, त्यात माझी भर नको.

तुझी
वाकाना


शिओझावा
१५ फेब्रुवारी

वाकाना,

पत्र आलं तेव्हा मी दारातला बर्फच उपसत होते (छपरावर नाही चढले, ओरडू नकोस). हातमोजे काढून तिथेच उभ्या उभ्या वाचलं, बोटं बधिर झाली तरी कळलं नाही.

पहिली गोष्ट. तू नाहीस, हे मला सांगायची गरज नाही. लहानपणी इथे आलीस आणि वाफ्यात बेडकावर पाय पडला, तर भाताला शिवली नव्हतीस. तुझी आई वैतागून म्हणाली होती, "ही पोरगी माझी का तुझी गं?"

दुसरी गोष्ट. तात्सुनोच्या सुनेकडे जाऊन मी तो व्हिडिओ पाहिला. तिचं बाळ झोपलं होतं म्हणून आवाज बंद ठेवून. काय हिसडते मेली त्याला! पण कोट तुझाच ना गं? गेल्या हिवाळ्यात इथे आलीस तेव्हा अंगात होता, मोठ्या लाकडी बटणांचा. मीच म्हटलं होतं, लोणच्यातल्या पिवळ्या मुळ्यासारखी दिसतेस. तो कुठे गेला?

त्या सुनेनं आणखी एक शब्द शिकवला. कुणाचं नाव-गाव असं नेटवर टाकतात त्याला म्हणे 'सारासु' म्हणतात. आमच्याकडे सारासु म्हणजे या दिवसांत बर्फावर कापड पसरून उन्हात ठेवणं. परवाच आम्ही सगळ्या बायकांनी मिळून वाफ्यांवर लांबच लांब पट्टे पसरले. कापड उजळतं त्यानं. मी तिला म्हटलं, "तुम्हा पोरांना शब्दसुद्धा आमचेच लागतात का गं, आणि ते असे वापरायला?" तर ती हसून म्हणाली, "काकू, मी नाही बनवला तो."

घरी आंबवलेल्या सोयाबीनचा तिखट मिसो पाठवते आहे. भातावर घेऊन खा. आणि हे बेटावर लपून बसणं मला पसंत नाही. चोरी त्यांनी केली, आणि लपायचं तू?

मावशी


बेट
२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मिसो पोचला. हामासाकी बाईंनी बोटानं चाखला आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. "ही बाई नवऱ्यालाही असंच जेवायला घालायची का?" म्हणून विचारलं त्यांनी. मी सांगितलं, मावशीचे यजमान सत्तरीपर्यंत ठणठणीत होते. तर म्हणतात, "मग बरोबर आहे."

कोट मी शरदातच जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकला. तसे कोट शेकड्यांनी विकले गेले असतील. पण तेवढ्यावर कुठे थांबले ते! मी सकाळच्या कॉफीचे फोटो टाकायचे, 'तिसरा कप' नावानं. कितीतरी वर्षं. त्यात माझं नाव नाही, चेहरा नाही. कुणीतरी त्या कोटाच्या बाहीवरून तिथे पोचलं. मग एका फोटोत चमच्यात खिडकी दिसत होती आणि खिडकीत ट्रामचा थांबा. त्यावरून गल्ली सापडली. 'कामावर दिवसभर चष्मे पुसते' असं मी कधीतरी लिहिलं होतं, त्यावरून दुकान. दुकानाच्या पानावर आमचा सगळ्यांचा फोटो आहे, छातीवर नावाच्या पट्ट्या. 'उशिओ.' कुणीतरी लिहिलं, 'काकुतेई.' म्हणजे पक्कं. दर मार्चमध्ये कर भरताना तू कागदावर वाचतेस तोच शब्द. तो लिहिला गेला आणि मग कुणी पुन्हा विचारलंच नाही.

दुकानात फोन सुरू झाले. "म्हाताऱ्यांना मारणारी तुमच्याकडेच आहे ना?" आमचे मालक कुनितोमी प्रत्येकाला तेच सांगत, "आपल्याला त्रास झाला, क्षमा असावी." मग एक माणूस चष्मा बघायला म्हणून आला आणि मोबाइल समोर धरून उभाच राहिला. "हसा ना, उशिओसान. तिथे तर ओरडत होतात." मी त्याच्यासमोर चौकटी मांडत राहिले. दुसरं काय करायचं ते सुचेना.

तो गेल्यावर मालकांनी आत बोलावलं. म्हणाले, "तू नाहीस हे मला माहीत आहे. पण..." मी म्हटलं, "मी जाते." ते खाली वाकले ते वर येईचनात.

आता बरी आहे. पाच पानांतलं एक तरी भोकाचं निघतं, त्याचे तुकडे करून आम्हीच खातो.

वाकाना


शिओझावा
३ मार्च

वाकाना,

तू बरी असशील, मी नाही. मी इथल्या पोलीस चौकीत जाऊन आले. पोरगा बिचारा ऐकत होता, चहाही दिला. म्हणाला, "आजी, हे ओकायामाच्या पोलिसांकडे तिनं स्वतः जायला हवं." मग मी आमच्या सहकारी संस्थेत महिन्यातून एकदा वकीलबाई येते, तिला गाठलं. ती म्हणते की लिहिणाऱ्यानं टोपणनाव घेतलं असलं तरी कोर्टाकडून आदेश आणता येतो, आणि मग त्याचं खरं नाव, पत्ता नेटच्या कंपनीला द्यावाच लागतो. बघ! लपलेल्याला बाहेर काढायचा रस्ता आहे. ओकायामातल्या एका ओळखीच्या वकिलाचं नाव तिनं लिहून दिलंय, सोबत पाठवते.

पण मला विचारशील तर त्याहून सोपं काम आधी कर. त्या जुन्या कपड्यांच्या दुकानात जा आणि कोट कुणी नेला ते विचार. ती बया सापडली की संपलं. तुझ्याऐवजी तिचं नाव लावू दे त्यांना. तू का म्हणून तिचं ओझं वाहायचं? आपल्याऐवजी दुसरीच्या घराला आग लागलीय हे तिला दिसत नसेल होय? रोज बघत असेल आणि गप्प बसत असेल. कसल्या काळजाची बाई असेल!

आणि तिची आई असेल ना कुठेतरी, तिला मला एकदा भेटायचंय. विचारायचंय, बाई, हे शिकवलंस का लेकीला? म्हाताऱ्याला 'मर' म्हणायला?

रागानं अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

मावशी


बेट
११ मार्च

प्रिय मावशी,

तिच्या आईला काही बोलू नकोस. आईला काय माहीत, लेक दूर सासरी कशी दिवस काढते ते!

आणि त्या बाईलाही इतकं बोलू नकोस ना. आपण बघतो तो तुकडा आहे. त्याच्या आधी काय झालं ते कुणी दाखवलं नाही. म्हातारा माणूस कधी कधी हात सोडवून पळतो, मागे येणारी गाडी त्याला दिसत नाही, अशा वेळी ओढणारा हात हळू कसा राहील? आणि दिवसातून पन्नासदा तेच झालं की तोंडातून काय निघेल याचा भरवसा नसतो. ती गप्प बसली असेल तर तिला कुणीतरी गप्प बसवलंही असेल.

जुन्या कपड्यांचं दुकान बंद झालंय, त्यामुळे तिथे विचारण्यात अर्थ नाही. वकिलाचा कागद जपून ठेवलाय. पण वकील पहिला प्रश्न विचारेल, "मग ती बाई कोण?" आणि मला त्या खोलीत बसून तो प्रश्न ऐकायचा नाही.

नोरीचा हंगाम संपत आला. नंतर हामासाकी बाईंची बहीण पाहुण्यांसाठी खोल्या चालवते, तिच्या स्वयंपाकघरात मला घेणार आहेत. इथे सगळे मला 'नोरीची ताई' म्हणतात. आडनाव अजून कुणी विचारलेलं नाही.

वाकाना


शिओझावा
२० मार्च

वाकाना,

गाडी कुठली?

तुझं पत्र वाचून मी पुन्हा तात्सुनोच्या सुनेकडे गेले. त्या व्हिडिओत मागे येणारी गाडी नाही. दिसत नाही, ऐकू येत नाही. मग तुला कशी माहीत?

बाळ जागं होतं, म्हणून आज आवाज लावला. 'मर मग' म्हणायच्या आधी ती आणखी काहीतरी ओरडते. "नको म्हणते ना, बाबा!" वाक्याच्या शेवटी आपल्या बोलीतला तो 'दाते'. सून म्हणाली, "काकू, याच्यावरूनच तर त्यांनी पक्कं केलं, वाकानाताईनं कुठेतरी लिहिलं होतं की आई शिओझावाची म्हणून."

असू दे. पण तू ओकायामात वाढलीस. तुझ्या तोंडात तो 'दाते' कधी बसला नाही, आम्ही हसायचो तुला.

तो आवाज मी पाळण्यापासून ऐकलाय.

हो की नाही, एवढंच लिही.

मावशी


बेट
२६ मार्च

मावशी,

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. पण आता रागावलीच आहेस तर सगळंच सांगते.

शरदात रित्सु एकदा माझ्या खोलीवर आली होती. अंगात साधं जाकीट. सासऱ्यांनी तिचा कोट कालव्यात फेकला होता, तो बायकोला चोरून नेणाऱ्या माणसाचा आहे म्हणून. ती हे हसत हसत सांगत होती, आणि मग हसणं थांबलं. मी माझा कोट तिच्या अंगावर घातला. एवढीच कोटाची गोष्ट. दुकानाला दिला हे खोटं.

तिच्या नवऱ्याची, आकिहिकोची बदली सेंदाईला झाली हे तुला माहीत आहे. पण तो महिना महिना येत नाही, हे रित्सुनं तुला सांगितलं नसणार. सासऱ्यांना ती एकटी बघते. त्या दिवशी ते हात सोडवून धावले, पांढरी गाडी मागे येत होती, हिनं ओढलं. जीव वाचला. मग ती ओरडली. चित्रण करणाऱ्यानं ओरडणं ठेवलं आणि गाडी कापली.

माझं नाव आलं त्याच आठवड्यात ती धावत आली. दारातच खाली बसली. "मी सांगते सगळ्यांना. आत्ता लिहिते. मोबाइल दे."

मी म्हटलं, "सांगून काय होईल?"

"तू सुटशील."

"कोण म्हणतं? आता माझं नाव आहे, मग दोघींची होतील. म्हणतील बहिणी बहिणी मिळून खोटं बोलतात. आणि तुझ्या घरी फोन कोण उचलतं?"

तिच्या घरी फोन सासरेच उचलतात, मावशी. कुणीही विचारलं तर घराचा पत्ता सांगतात, बँक सांगतात, या बसा म्हणतात. त्या घराच्या दारात ते चित्रण करणारे लोक आले तर सासरे त्यांना आत घेतील, चहा विचारतील. मग सासऱ्यांचं काय करतील ते लोक, सांग.

मी एकटी आहे. माझ्यामागे कुणी नाही, मी बॅग भरून निघू शकते. तिला कुठे जाता येतं? म्हणून मी तिला गप्प बसवलं, आणि ती माझा शोध घेत येऊ नये म्हणून पत्ताही दिला नाही.

तू तिच्या आईला भेटायचं म्हणालीस, ते पत्र मी फाडून टाकलंय. तूही विसरून जा.

वाकाना


ओकायामा
८ एप्रिल

वाकाना,

मी ओकायामात आहे, रित्सुकडे. इथे चेरी फुलून गळायलाही लागलीय, माझ्या दारात अजून बर्फाचा ढीग आहे. वरचा पत्ता बघून घाबरू नकोस, तुझा पत्ता मी तिला दिलेला नाही. अजून तरी.

न सांगता आले. दार उघडून रित्सु म्हणते, "आई? कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर तू घर आवरत बसली असतीस."

आतून तिचे सासरे आले. मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "गॅसचं मीटर बघायला आलात?" मी म्हटलं, "हो, बघते." त्यांनी मला मीटरपर्यंत नेलं, मी वाकून पाहिलं, "ठीक आहे" म्हटलं. समाधान झालं त्यांचं. तेव्हापासून रोज सकाळी मी मीटर बघते.

लेक किती वाळलीय! मी काही विचारलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून मुळा किसायला लागले, तर मागून म्हणाली, "तुला कळलंय."

"कळलंय."

"वाकाना कुठे आहे?"

"ते आधी नाही सांगणार."

मग ती बोलायला लागली. एक गोष्ट ऐकून ठेव. ती म्हणाली, "आई, गाडी होती हे खरं. पण मी मर म्हणाले तेही खरं. त्या क्षणी मनापासून म्हणाले. लोक म्हणतात ते सगळं खोटं असतं तर मी केव्हाच ओरडून सांगितलं असतं." मला तिला एक ठेवून द्यावीशीही वाटली आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं. दुसरं केलं.

आता तुझ्यावरचा राग. तू मला न विचारता माझ्या लेकीला वाचवलंस. आणि मला महिनाभर माझ्याच लेकीला शिव्या घालू दिल्यास. आणि ती लेकसुद्धा तुझ्या उपकाराखाली पार चिरडून गेलीय, ते तुला बेटावरून दिसलं नाही. रोज सकाळी उठून ती तुझ्या नावानं काय काय लिहिलंय ते वाचते. स्वतःला शिक्षा म्हणून. तू तिला सोडवलं नाहीस गं, कोंडून ठेवलंस.

परवा ती उठली, केस विंचरले, म्हणाली, "आई, चल. बाबांनाही घेऊ." मी विचारलं नाही कुठे. चष्म्याच्या दुकानात गेलो.

कुनितोमी एकटेच होते. रित्सु काउंटरसमोर जाऊन म्हणाली, "त्या व्हिडिओतली बाई मी आहे. हे माझे सासरे, पडले ते. कोट वाकानानं दिलेला. ती तिथे नव्हती."

सासरे तोवर मांडलेले चष्मे एकेक घालून आरशात बघत होते, लाल चौकटीचा त्यांना भलताच आवडला.

"तुम्हाला कुणी पाठवलं?" कुनितोमींनी विचारलं.

"कुणी नाही. तिनं तर येऊ नको म्हणून बजावलंय."

मग त्यांनी उठून दारावरची पाटी उलटी केली आणि खुर्च्या दिल्या. म्हणाले, "मी प्रत्येक फोनवर क्षमा मागत होतो. सवयच ती, धंद्याची. पण क्षमा मागितली म्हणजे कबूल केलं, नाही का? लोकांना वाटलं, मालकच कबूल करतोय." मला वाटलं होतं आता रडतील, पण नाही रडले. त्यांनी विचारलं, "वकील आहे का तुमच्याकडे? मी साक्ष देतो."

तिथूनच, ज्याचं नाव तुला पाठवलं होतं त्या वकिलाकडे गेलो. त्या मोठ्या दुकानाच्या बाहेरच्या कॅमेऱ्यात गाडी दिसत असणार, ते चित्रण जपून ठेवायला वकिलानं कळवलंय. रित्सुनंही सगळं लिहून सही करून दिलंय. वकील म्हणाला, कोर्टाला तिचं नाव कळेल, नेटवर जायची गरज नाही. पण अर्ज तुझ्या नावानं लागतो. तू यायला हवंस.

शनिवारी आम्ही तिघं कासाओकाच्या धक्क्यावर येतोय, दुपारच्या बोटीला. पत्ता नाही दिला, बोटीची वेळ दिली. उतरायचं की नाही ते तू ठरव.

मावशी


बेट
२ मे

प्रिय मावशी,

शिओझावाला नीट पोचलीस ना? परतताना गाडीत झोपलीस की समोरच्या प्रवाशाला माझी सगळी कहाणी सांगितलीस?

धक्क्यावर जे बोलायचं राहिलं ते लिहिते. मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं करतेय. रित्सुला पाहिलं आणि कळलं. तिनं मला मिठी मारली नाही, बघितलंस? हात धरून म्हणाली, "पुन्हा असं माझ्याऐवजी ठरवू नकोस." इतकी शरमले मी. आणि तेवढ्यात तिच्या सासऱ्यांनी मला विचारलं, "तुम्ही बोटीच्या का?" आणि रित्सु हसली. खूप दिवसांनी ऐकलं ते हसणं.

अर्जावर सही केली आहे. वकिलानं विचारलंच, "ती बाई कोण?" शेजारच्या खुर्चीतून रित्सु म्हणाली, "मी."

वाकाना


बेट
१४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

भाताची कापणी सुरू झाली असेल. रित्सु यंदा येणार म्हणते, सासऱ्यांना आठवड्यातले काही दिवस म्हाताऱ्यांच्या दिवसभराच्या केंद्रात ठेवायला सुरुवात केलीय. आकिहिकोनं बदलीसाठी अर्ज केलाय, तोही तिनं ताट आपटल्यावर.

कोर्टाचा आदेश झाला. ज्यानं पहिल्यांदा 'काकुतेई' लिहिलं त्याचं खरं नाव आणि पत्ता माझ्या हाती आला. त्याआधी वकिलानं कॅमेऱ्यातलं चित्रण आणि एक निवेदन नेटवर टाकलं होतं, नावाशिवाय. किती जणांनी वाचलं विचारू नकोस. पहिल्या व्हिडिओला लाखो, आणि याला आमच्या बेटावरची माणसं मोजली तरी जास्त होतील. ती मंडळी केव्हाच दुसऱ्या कुणाला तरी शोधायला गेली होती.

नाव पुन्हा पुन्हा वाचलं. किती चेहरे कल्पले होते मी त्याचे! मग त्याचं जुनं लिखाण वाचलं. मांजराचे फोटो, बायकोनं बांधून दिलेल्या डब्याचे फोटो. डब्यात अंड्याची पोळी रोज थोडी करपलेली. त्याच्याही एका फोटोत खिडकी होती, मावशी. मी लगेच बघायला लागले, बाहेर काय दिसतंय ते. डोंगर ओळखू येतोय का, खांबावर काही लिहिलंय का. मग माझं मलाच कळलं मी काय करतेय, आणि मी मोबाइल उलटा ठेवला. हो, नवा मोबाइल घेतलाय.

त्यानं वकिलामार्फत माफीचं पत्र पाठवलंय. 'आपण म्हाताऱ्या माणसाच्या बाजूनं उभे आहोत असं वाटलं', असं लिहिलंय. सगळं पुसून टाकलंय, भरपाईही मान्य केली आहे. मी ते पत्र एकदा वाचलं. माफ केलं का ते अजून ठरत नाही, आणि घाईही नाही.

तुला नाव हवं असणार. रित्सुनंही विचारलं.

वाकाना


शिओझावा
२३ सप्टेंबर

वाकाना,

हो, हवंय. का नको? मला काही कुठे टाकायचं नाही, मला नेट येतही नाही. फक्त त्याच्या दारात जायचंय, वाकून नमस्कार करायचाय आणि म्हणायचंय, मी वाकाना उशिओची मावशी. बस. एवढं ऐकून त्याला काय वाटतं ते बघायचंय.

पण तू देणार नाहीस. ओळखते मी तुला.

नवा तांदूळ रित्सुबरोबर पाठवते. ती इथे येऊन सलग झोपली, जेवायला उठली, पुन्हा झोपली. तात्सुनोची सून म्हणाली, "काकू, ताई आजारी आहे का?" म्हटलं, "नाही गं, माहेरी आहे."

कुनितोमींचं पत्र मला आलंय. तुला पाठवायचा धीर झाला नाही म्हणून मला पाठवलं, वेडा माणूस. विचारतात, ती परत येईल का.

मावशी


ओकायामा
१९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नाव नाही दिलं म्हणून तू कापणीनंतर पत्रच लिहिलं नाहीस. रुसलीस ना? रुस. पण नाव नाही देणार.

ओकायामातला हा नवा पत्ता मात्र देते, पाकिटावर लिहिलाय. हवं त्याला दे. रित्सुचं घर इथून चालत जाण्याएवढं आहे, रविवारी मीही मीटर बघायला जाते.

हामासाकी बाईंनी निघताना नोरीचा एवढा मोठा गठ्ठा दिला, सगळी भोकाची पानं. म्हणाल्या, "चांगली विकायला असतात, ही घरच्यांना."

सोमवारी दुकानात परत गेले. मालकांनी दार उघडलं, आम्ही दोघंही इतके वाकलो की डोकी आपटायची राहिली. आत काउंटरवर त्यांनी नावाच्या दोन पट्ट्या ठेवल्या होत्या. म्हणाले, "हल्ली पुष्कळ दुकानांत असं करतात. गिऱ्हाइकांपासून त्रास नको म्हणून कामगार दुसरंच नाव लावतात. ही बघ, यावर 'हायाशी' लिहिलंय. कुणी कधी विचारणार नाही. तुला हवं ते घे."

मी 'उशिओ' उचलली. लावताना पिन बोटाला टोचली. मालकांनी न बघितल्यासारखं केलं.

दिवसभर कुणी काही म्हणालं नाही. संध्याकाळी एक गृहस्थ आले, साधारण तुझ्या वयाचे. चष्मा डाव्या कानाला टोचतोय म्हणाले. मी तो हातात घेतला आणि त्यांची नजर माझ्या छातीवरच्या पट्टीवर गेली. तिथेच थांबली. मी दांडी गरम करत राहिले.

"उशिओ," ते म्हणाले. "या चष्म्याच्या दुकानातल्या उशिओ. तुमच्याबद्दल मी नेटवर काहीतरी वाचलंय."

मागे मालक उभे राहिले. मी त्यांना हातानंच बसा म्हटलं.

"काय वाचलंत?" मी विचारलं.

ते विचार करायला लागले. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं. खरंच प्रयत्न करत होते, मावशी. मी वाट बघत होते.

"नाही बुवा आठवत," ते म्हणाले. "चांगलं होतं का काही?"

मी चष्मा त्यांच्या कानांवर बसवला आणि विचारलं, आता टोचतंय का.

तुझी
वाकाना